टीप कुणाला द्यायची, किती द्यायची आणि कुठे हात आवरायचा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे टीप काही नवी नाही. नवा आहे तो गोंधळ. पूर्वी हॉटेलातल्या पोऱ्याला दोन-पाच रुपये, लग्नात आचाऱ्याला पाकीट, दिवाळीला गुरख्याला काहीतरी, एवढ्यावर भागायचं. आता दारात दिवसाला चार माणसं येतात. पार्सलवाला येतो, जेवण आणणारा येतो, पाण्याचे जार टाकणारा येतो, सिलिंडरवाला येतो. त्यात मोबाइलमधलं ॲप जेवण चुलीवरून उतरण्याआधीच टीप मागतं. मग कुणी सगळ्यांनाच देतं, कुणी कुणालाच देत नाही, आणि बरेच जण समोरचा कसा मागतो त्यावर ठरवतात. हा तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. त्यात लाजाळू माणूस कोरडा जातो आणि चिवटपणे उभा राहणारा घेऊन जातो.

माझं म्हणणं साधं आहे. टीप मागण्यावर नाही, कामावर ठरवा; आणि शक्य तेवढं आधी, घरी बसून ठरवा. दारात, घामेजलेल्या माणसासमोर, बायको आतून 'किती देताय?' असं विचारत असताना कुणालाच नीट ठरवता येत नाही.

आधी पैसा कोणत्या जातीचा ते ओळखा

हात खिशाकडे जाण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: या कामाचे पैसे या माणसाला कुणी दिलेत, आणि नेमक्या किती कामाचे?

कपाटाच्या दुकानदाराने 'घरपोच' म्हटलं, पण त्याच्या हिशोबात घरपोच म्हणजे बिल्डिंगच्या गेटपर्यंत. तुम्ही हमालांना तिसऱ्या मजल्यावर चढवायला लावलं आणि शेवटी पन्नासची नोट पुढे केली, तर ती टीप नव्हे, अर्धवट दिलेली मजुरी. असे पैसे कपाट उचलण्याआधी बोलून घ्यायचे. 'दादा, तिसरा मजला आहे, लिफ्ट नाही, वर चढवायचे किती?' हे विचारायला लाजायचं कारण नाही. मजुरी चुकती केल्यावर वर काही द्यावंसं वाटलं, तर ती टीप.

दुसरा प्रकार: काम ठरल्याप्रमाणे झालं, पैसे त्याला पोचले आणि त्याला विशेष झीज लागली नाही. इथे टीप पूर्ण तुमच्या मर्जीची. नाही दिली तरी तुम्ही कंजूष ठरत नाही.

तिसरा: ठरल्यापेक्षा जास्त कष्ट पडले. मे महिन्यात दुपारी दोन वाजता, भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ वर असताना कुणी तुमच्यासाठी बिर्याणी घेऊन आलं. पावसात गल्लीत गुडघाभर पाणी साचलेलं असताना दूधवाला आला. इथे द्यावी, आणि मोकळ्या हाताने द्यावी.

चौथा: समोरचा सरकारी पगार घेतो आणि तुमचं काम करणं हेच त्याचं काम आहे. इथे टीप नसते. त्यावर पुढे सविस्तर लिहिलंय, कारण आपल्याकडे 'चहापाणी' या एका नावाखाली टीप आणि लाच दोन्ही खपवल्या जातात.

जेवण आणणारे, पार्सलवाले

ॲपवरून जेवण आणणारा मुलगा सहसा कंपनीचा पगारी नोकर नसतो. त्याला दर ऑर्डरमागे पैसे मिळतात, ते बहुतेक अंतरावर ठरतात, आणि ठरावीक ऑर्डरी पूर्ण झाल्या तर वर थोडी रक्कम. गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, पंक्चरही त्याचंच. हॉटेलच्या दारात भाजी तयार होईपर्यंत काढलेली वीस मिनिटं आणि तुमचं घर शोधण्यात गेलेली दहा मिनिटं, याचं मोल फार थोडं मिळतं किंवा मिळतच नाही. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने अशा कामगारांना कायद्यात पहिल्यांदा नाव दिलं आणि कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी भरण्याची तरतूद केली. चांगलंच आहे, पण त्यातून आजच्या ऑर्डरीचं पेट्रोल निघत नाही.

बिलात 'प्लॅटफॉर्म फी' दिसते ती कंपनीची. पॅकिंगचे पैसे हॉटेलचे. 'डिलिव्हरी चार्ज' हा आकडाही जसाच्या तसा त्या मुलाच्या खिशात जातो असं धरून चालू नका. म्हणजे तुम्ही बिलात जादा साठ रुपये भरले म्हणून त्याला साठ मिळाले, असं होत नाही.

माझ्या घरचा भाव असा: नेहमीच्या ऑर्डरीला २० रुपये. पाऊस, कडक ऊन, रात्री अकरानंतरची वेळ किंवा लिफ्टशिवायचे वरचे मजले असतील तर ४० ते ५०. आणि मोठी ऑर्डर, म्हणजे वाढदिवसाला बारा जणांचं जेवण दोन पिशव्यांत लटकवून आणलं, तर १०० च्या आसपास. इथे बिलाच्या टक्क्यांचा हिशोब लावू नका. हजाराचा केक आणि दीडशेची शेवभाजी पोचवायला त्याला सारखंच पेट्रोल लागतं. अंतर, हवा, मजला आणि वजन पाहा.

ॲपमध्ये आधी टीप द्यायची की नंतर रोख? मी नंतरच्या बाजूचा आहे. काम झाल्यावर दिलेले पैसे कामाचे असतात. आधी दिलेले पैसे 'लवकर ये' म्हणून लावलेली बोली होते. प्रवासाच्या गाड्यांच्या ॲपनी आगाऊ टीप मागायला सुरुवात केली, तेव्हा मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्यावर नोटीस काढली होती, ती याच कारणाने. मात्र आधीच पैसे भरून ऑर्डर 'गेटवर ठेवा' असं लिहिलं असेल आणि तुम्ही दारात येणार नसाल, तर ॲपमधूनच द्या. बहुतेक ॲपमध्ये ऑर्डर पोचल्यावरही टीप देता येते.

आणि पैशाइतकंच महत्त्वाचं: पत्ता नीट लिहा. 'महाबळ, जळगाव' किंवा 'देवपूर, धुळे' एवढ्यावर माणूस तुमच्या दारात कसा येणार? महादेवाच्या मंदिराच्या मागची गल्ली, निळं गेट, पहिला मजला, असं लिहा. फोन वाजला की उचला. तारे पाच द्या. जेवण थंड होतं, रस्सा तिखटजाळ होता, तर ती तक्रार हॉटेलच्या खात्यावर टाका, पोचवणाऱ्याच्या नाही. त्याचे तारे घसरले की त्याचं काम अडतं. उन्हाळ्यात माठातलं पाणी विचारा. पन्नास रुपयांच्या टीपेबरोबर पाणी न विचारणं खानदेशात शोभत नाही.

पार्सल आणणाऱ्यांचं वेगळं. त्यांच्या पिशवीत दिवसाला ढीगभर पार्सलं असतात, ते दारात अर्धा मिनिट थांबतात. प्रत्येक पार्सलला टीप देण्याची गरज नाही. पण एकच मुलगा वर्षभर तुमच्या गल्लीत येत असेल, तुम्ही घरी नसताना शेजारच्या काकूंकडे ठेवून फोन करत असेल, तर दिवाळीला त्याच्या हातात दोनशे रुपये आणि फराळाची पुडी द्या. दूधवाला, पेपरवाला, जार टाकणारा यांनाही हाच नियम.

सिलिंडरवाला

इथे जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त कुरबुर याच दारात होते.

घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या टाकीचं वजन तिच्या गळ्याजवळच्या पट्टीवर रंगाने लिहिलेलं असतं, पंधरा-सोळा किलोच्या आसपास. दोन्ही मिळून तीस किलो. हे तीस किलो खांद्यावर, तुमच्या जिन्याने, दिवसभरात कितीतरी वेळा. हे एका बाजूला. दुसऱ्या बाजूला हे, की पावतीवरच्या रकमेत घरपोचीचा खर्च आधीच धरलेला असतो. तुम्ही स्वतः गोदामातून टाकी उचलली, तर तेवढी रक्कम वजा होऊन मिळते. म्हणजे पावतीपेक्षा जास्तीचे तीस-पन्नास रुपये 'द्यावेच लागतात' असं कुणी म्हणत असेल, तर ते खरं नाही.

मग काय करायचं? क्रम पाळायचा. टाकी आत आली की आधी सील पाहा. मग वजन करायला सांगा. वजनकाटा सोबत बाळगणं हे त्याचं काम आहे. पट्टीवरचा आकडा अधिक १४.२, एवढं भरलं पाहिजे. पट्टीवरच इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात, ती टाकीच्या तपासणीची मुदत. सील काढून रबरी रिंग जागेवर आहे का आणि गॅस फसफसतो का, ते तपासून घ्या. हे झालं की मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा, पावतीची रक्कम चुकती करा. टीप या सगळ्यानंतर. आधी वीस रुपये हातावर ठेवले आणि मग 'वजन कर' म्हटलं, तर दोघांनाही अवघडतं.

द्यायची किती? तळमजल्यावर, दारापर्यंत गाडी येते, तिथे नाही दिली तरी चालेल; दहा दिले तर छान. दुसरा-तिसरा मजला, लिफ्ट नाही, तिथे २० ते ३० मी देतो आणि त्याबद्दल मला कुणी विचारलंही नाही. तो माणूस वजन न करता 'भाऊ, वरचे तीस' म्हणाला, तर मी शांतपणे म्हणतो, 'पावतीचे एवढे. बाकी माझ्या मर्जीचं.' मागून घेण्याला मी थारा देत नाही, कारण मग समोरच्या विधवा आजींकडूनही तो तेच उकळतो. त्रास वाढला तर एजन्सीकडे, आणि तिथेही दाद लागली नाही तर १८००-२३३३-५५५ या टोल-फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवा.

हॉटेल, ढाबा, खानावळ

आपल्याकडच्या हॉटेलांची एक रीत अजून टिकून आहे. वाढणारा पोऱ्या टेबलाजवळून गल्ल्याकडे तोंड करून ओरडतो, 'दोन शेवभाजी, आठ पोळ्या, दोन पापड, एक जिरा राइस!' गल्ल्यावरचा तोंडी बेरीज करतो. कागद नाही, कव्हर नाही, बडीशेपेची वाटी गल्ल्यावरच. अशा ठिकाणी टीप विसरून जायचा संभव जास्त, कारण पैसे तुम्ही मालकाला देता आणि तो पोऱ्या तोवर दुसऱ्या टेबलावर कांदा-लिंबू ठेवत असतो. म्हणून उठण्याआधीच त्याच्या हातात १०-२० रुपये द्या. चार-पाच जण असाल आणि त्याने तर्री तीनदा आणून दिली असेल, तर ३०-५०.

गल्ल्यावरच्या स्कॅनरवर बिलापेक्षा जास्त रक्कम टाकली, तर ते पैसे मालकाच्या खात्यात गेले. पुढे ते पोऱ्यापर्यंत पोचतील का, हे मालकाच्या स्वभावावर. त्यामुळे सुट्टे नसतील तर त्यालाच विचारा, 'तुझा स्वतःचा स्कॅनर आहे का रे?' बहुतेकांकडे असतो.

बसून खायच्या मोठ्या हॉटेलांत, जिथे बिल कव्हरमध्ये येतं, तिथे ५ ते १० टक्के पुरेसं. बिल १,२०० झालं तर ८०-१०० रुपये. त्यावर कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या. मात्र बिल उघडून एकदा वरून खालपर्यंत वाचा. जीएसटी हा कर आहे, त्यातून वाढप्याला काही मिळत नाही. पण 'सर्व्हिस चार्ज' म्हणून पाच-दहा टक्के लावले असतील, तर ते तुम्हाला काढायला सांगता येतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक तत्त्वं काढून हॉटेलांनी सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावू नये, असं सांगितलं, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ती तत्त्वं उचलून धरली. मॅनेजरला शांतपणे सांगा. बहुतेक वेळा बिल बदलून मिळतं. नाही मिळालं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि सर्व्हिस चार्ज भरलाच असेल, तर वेगळी टीप द्यायची गरज उरत नाही.

मुंबई-आग्रा किंवा सुरत-नागपूर महामार्गावरच्या ढाब्यांवर आणखी एक माणूस असतो, जो कुणाच्या नजरेत येत नाही: गाडीची काच पुसून देणारा, नाहीतर खाट सरकवून कूलर तुमच्याकडे वळवणारा. दहा रुपये.

महिन्याची मेस लावलेल्या विद्यार्थ्यांनी रोज टीप द्यायची नसते. परीक्षा संपून घरी जाताना, ज्या मावशींनी वर्षभर गरम पोळी वाढली त्यांच्या हातात काहीतरी ठेवा. चार मित्रांनी मिळून केलं तर साडी होते.

न्हाव्याच्या दुकानात १०-२०. मालक स्वतःच केस कापत असेल तर दिली नाही तरी चालते, कारागीर कापत असेल तर द्या. पेट्रोल पंपावर हवा भरणं मोफत सोयीत येतं, पण उन्हात चाकाशी वाकणाऱ्या पोराला पाच-दहा रुपये दिले तर बिघडत नाही. घरी कूलर-एसी बसवायला आलेल्यांचं मात्र आधी दरपत्रक मागा. जादा पाइप, स्टँड, भोक पाडणं, यांचे पैसे कंपनीच्या दराने पावतीवर घ्या. ती रक्कम वाजवी निघाली आणि काम टापटीप झालं, तर मग प्रत्येकी पन्नास-शंभर.

लग्न: जिथे सगळ्यात जास्त पैसे जातात आणि सगळ्यात कमी माणसांपर्यंत पोचतात

खानदेशी लग्नात टीपेला मोजदाद नसते. वरातीत नोटा ओवाळल्या जातात, घोडेवाला अडून बसतो, बँडवाला नेमकं गाणं रंगात आलं की थांबतो, फोटोवाल्याचा पोऱ्या 'मामा, आमचं पण बघा' म्हणतो. दुसऱ्या दिवशी हिशोब मांडला की वधूपित्याला घाम फुटतो. आणि इतकं करून ज्यांनी पंगती उठवल्या, पातेली घासली, त्यांना काही नाही.

यासाठी लग्नाच्या आठ दिवस आधी पुढचं उरकून घ्या.

घरातला एक माणूस यावर नेमा. शक्यतो मामा किंवा धाकटे काका. नवरदेवाचा बाप नको, त्याला त्या दिवशी कुणीही काहीही मागतं आणि तो देतो. या माणसाकडे नावं लिहिलेली पाकिटं ठेवा. बाकी सगळ्यांनी एकच उत्तर द्यायचं, 'काकांना भेटा.'

ठेक्यात काय आलंय ते लिहून घ्या. आचाऱ्याच्या ठेक्यात वाढपी आहेत का, भांडी घासणाऱ्या बायका आहेत का, त्यांची मजुरी कुणी द्यायची? बऱ्याचदा आचारी म्हणतो 'सगळं माझ्याकडे', आणि मग खापरावरची पुरणपोळी टाकणाऱ्या बायकांना त्याने किती दिले, ते कुणाला ठाऊक नसतं. खापरावर हातानेच पुरणपोळी मोठी करत टाकणं ही सोपी गोष्ट नाही. भट्टीपुढे बसून सकाळपासून दुपारपर्यंत तेच काम. त्यांना वेगळी पाकिटं द्या आणि त्यांच्याच हातात द्या. तसंच भांडी घासणाऱ्यांना. हे मी अगदी आग्रहाने सांगेन, कारण मंडप उतरत असताना या बायका मागच्या बाजूला टाकीजवळ असतात आणि पाकीट वाटणारा पुढच्या बाजूला कोचावर.

बँडवर उधळलेल्या नोटा बहुतेक म्होरक्याकडे जमा होतात. वाटणी कशी होते, ती त्यांची आपापसातली गोष्ट. तुम्हाला ढोल बडवणाऱ्या पोरांपर्यंत पोचवायचं असेल, तर वरात संपल्यावर सगळ्यांसमोर म्होरक्याला रक्कम सांगून द्या: 'हे आठ जणांचे.' सगळ्यांनी ऐकलं की वाटणी होते.

अडवून मागणाऱ्यांना मात्र तिथल्या तिथे द्यायचं नाही. घोडेवाल्याशी दर ठरवतानाच म्हणा, 'वरातीत थांबवायचं नाही, शेवटी खुशी देऊ', आणि शेवटी खरंच द्या. दिली नाही, तर पुढच्या लग्नात तो अडवणारच आणि त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

घरकाम आणि शेत

धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या मावशींना दिवाळीला एक महिन्याचा पगार द्यायचा, ही टीप नव्हे. कारखान्यांतल्या कामगारांना बोनसच्या कायद्याने किमान ८.३३ टक्के मिळतात, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, एका महिन्याचा पगार. घरकामाला तो कायदा लागू नाही, पण प्रथा त्याच हिशोबाने बसली आहे. वर्ष पुरं झालं नसेल तर महिन्यांच्या प्रमाणात द्या. राज्यात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे. त्यांची नोंदणी झाली नसेल तर कागदपत्रांना मदत करा, ती पाचशेच्या नोटेपेक्षा जास्त कामी येईल. आणि उरलेली भाजी, उसवलेला ड्रेस हे बोनसच्या जागी मोजायचं नाही. ज्यांना ते मोजायची सवय आहे त्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

शेतावर सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, असेल तर त्याचं साल आखाजीला (अक्षय तृतीयेला) ठरतं. जे द्यायचं ते तेव्हाच, बोलीत घ्या: किती रोख, किती धान्य, कपडे, चप्पल. पोळ्याला नवे कपडे आणि पुरणाचं जेवण हा मान आहे, तो सालातून कापायचा नाही. केळी कापणाऱ्या टोळीचा किंवा कापूस वेचणाऱ्या बायकांचा दर ठरलेला असतो, किलोवर किंवा गाडीवर. तिथे वरखर्च म्हणून चहा, पाणी आणि शेवटच्या दिवशी भरिताचं जेवण घाला. रोख द्यायची तर सगळ्यांना सारखी, आणि मुकादमाच्या हातून नको.

प्रवासात

दिवसभरासाठी गाडी केली, समजा जळगावहून अजिंठ्याला. अंतर एकीकडे साठेक किलोमीटर, पण तुम्ही लेणी पाहत असता तेव्हा ड्रायव्हर फर्दापूरजवळ उन्हात थांबलेला असतो. गाडी ठरवताना विचारून घ्या की ड्रायव्हरचा भत्ता भाड्यात आहे का. नसेल तर तो भत्ता आणि वर जेवण, ही तुमची जबाबदारी. टीप त्यानंतर, दिवसाचे १०० ते २०० बरे. रात्रीचा मुक्काम असेल तर त्याला झोपायला जागा कुठे, ते आधी पाहा. गाडीत झोपवून सकाळी दोनशे रुपये दिले, तर त्याला काय वाटतं ते तो बोलणार नाही. लेण्यांपाशी डोलीवाले असतात. त्यांचा दर चढण्याआधी ठरवा, आणि आजीला सांभाळून उतरवलं असेल तर चौघांना मिळून शंभर-दीडशे वर द्या.

रेल्वेचे नियम वेगळे. भुसावळ जंक्शनवर लाल कपड्यांतल्या हमालांचे दर फलकावर असतात; ओझं उचलण्याआधी बोलून घ्या. गाडीत जेवण आणणाऱ्याकडून बिल मागा. बिल नाही तर पैसे नाहीत, हे धोरण रेल्वेनेच जाहीर केलेलं आहे, टीप देऊ नका असं डब्यांत लिहिलेलंही असतं. रेल नीरची लिटरची बाटली सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपयांना आहे. विक्रेत्याने वीस घेतले आणि 'सुट्टे नाहीत' म्हणाला, तर ती टीप तुम्ही दिलेली नाही, त्याने घेतलेली आहे. तक्रार १३९ वर. एसी डब्यात चादरी आवरणाऱ्याने मध्यरात्री उठून मदत केली असेल, तर द्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा. प्रवास संपताना ताटलीत बडीशेप घेऊन उभा राहिलेल्याला देणं बंधनकारक नाही.

जिथे हात आवरायचा

तलाठी कार्यालय, पोलीस, आरटीओ, महावितरणचा लाइनमन, सरकारी दवाखाना. इथे काम होण्याआधी किंवा होण्यासाठी दिलेला पैसा टीप होत नाही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणाराही दोषी धरला जातो. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार करणाऱ्याला त्यातून संरक्षण आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४.

सगळ्यात बोचणारी जागा म्हणजे प्रसूती वॉर्ड. बाळ कपड्यात गुंडाळून आणतात आणि बापाच्या हातात देण्याआधी 'पेढे' मागतात, मुलगा असेल तर जास्त, मुलगी असेल तर कमी. सरकारी दवाखान्यातली प्रसूती, औषधं, आईचं जेवण, घरी पोचवायची गाडी, हे सगळं जननी शिशू सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून मोफत आहे. १०८ च्या रुग्णवाहिकेलाही भाडं नसतं. त्या क्षणी भांडायची ताकद कुणाकडे नसते, हे खरं. म्हणून घरातल्या एका खमक्या बाईला बाळंतिणीसोबत ठेवा आणि तिला आधीच सांगून ठेवा: पेढ्यांचा पुडा सगळ्या वॉर्डसाठी एकच, तोही डिस्चार्जच्या दिवशी, नोटा नाहीत. खासगी दवाखान्यात बाळंतिणीला रात्री तीनदा उठवून बसवणाऱ्या आयाबाईंना तुम्ही घरी निघताना काही दिलंत तर तो तुमचा आनंद, पण बिल चुकतं केल्यावर आणि मागितल्याशिवाय.

पोस्टमनबद्दल मला बरेच जण विचारतात. दिवाळीला फराळ द्या, बसवून चहा पाजा. पैसे नकोत. मनिऑर्डरीतून दहा रुपये कापून घेणाऱ्याला तर मुळीच नाहीत.

द्यायचे कसे

घरात दाराजवळ एका डब्यात दहा-वीसच्या नोटा आणि दहाची नाणी ठेवा. दर महिन्याला त्यात ठरावीक रक्कम टाका. घरखर्चातून जेवढी सहज निघेल तेवढीच. डबा संपला की त्या महिन्याची टीप संपली, आणि त्याचा संकोच करू नका. स्वतः हप्त्यांत अडकलेल्या माणसाने शेजाऱ्याकडे पाहून शंभर रुपये देण्यात अर्थ नाही. घरातल्या सगळ्यांना भाव माहीत असू द्या, म्हणजे मुलगा दारात गेला तरी तेच होईल.

नोट घडी करून, हातात द्या, आणि कशाची ते एका वाक्यात सांगा: 'एवढ्या उन्हात आलास, राहू दे.' टेबलावर फेकलेली किंवा मित्रांसमोर मिरवत दिलेली नोट घेताना समोरच्याचा चेहरा उतरतो. वयाने मोठा असेल तर 'दादा', 'काका', 'मावशी' म्हणा. 'ए' म्हणून बोलावून दिलेले पन्नास रुपये कुणालाच गोड लागत नाहीत.

'राहू द्या ना भो' असं म्हणून कुणी नाकारतं. एकदा आग्रह करा, दुसऱ्यांदा नको. काही कारागीर, विशेषतः जुने शिंपी, गवंडी, सायकल दुरुस्त करणारे, वरचे पैसे घेण्यात कमीपणा मानतात. त्यांना दुसरं गिऱ्हाईक मिळवून द्या. ते त्यांना चालतं.

भाव दरवर्षी एकदा बदला. पेट्रोल, तेल, भाडं वाढतं आणि आपला दहाचा आकडा तसाच राहतो. आखाजीला सालदाराचं साल नव्याने ठरतं, त्याच दिवशी हा डबाही नव्याने ठरवून टाका.